गाडीची नेहमीची देखभाल आणि टायरची निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजीवर चालणारी छोटी-मध्यम गाडी, शहरात रोजचं जाणं-येणं, वर्षातून दोन-तीनदा गाव किंवा कोकण: अशा वापरासाठी ही उत्तरं आहेत. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचाच धरा.

टायरमध्ये हवा नेमकी किती भरायची?

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दरवाजाच्या कडेला एक स्टिकर दिसेल. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे असतात, आणि बहुतेक गाड्यांत दोन रकाने असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. छोट्या गाड्यांत हे आकडे साधारण ३० ते ३६ पीएसआयच्या (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) दरम्यान येतात. पाच माणसं आणि डिकी भरून गावाला निघताना दुसरा रकाना पाहायचा. त्यात मागच्या चाकांचा आकडा बऱ्याचदा वाढलेला असतो.

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वेगळा असतो. तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल ते सांगतो. तुमच्या गाडीला किती हवा लागते हे त्यावरून कळत नाही. आणि पंपावरचा पोरगा "पस्तीस टाकू का सगळ्यांत?" म्हणाला की हो म्हणू नका. त्याला तुमची गाडी माहीत नाही.

हवा कधी तपासायची? पंप घरापासून लांब आहे.

टायर थंड असताना. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालली नसेल तेव्हा. सकाळची वेळ सगळ्यात बरी. चालल्यावर टायर तापतो आणि आतला दाब ४ ते ६ पीएसआयने सहज वाढतो, त्यामुळे गरम टायरवरचा आकडा फसवतो.

पंप लांब असेल तर हवा मोजायचं स्वतःचं मीटर घ्या आणि फरकाचा हिशेब करा. घरी थंड टायर २८ दाखवतोय आणि लागतात ३३, म्हणजे ५ कमी. पंपावर पोचेपर्यंत तोच टायर ३० दाखवेल. तिथे ३३ वर थांबायचं नाही, ३० अधिक ५ म्हणजे ३५ पर्यंत भरायचं. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला तर ही कसरतच संपते. तो चालवताना इंजिन सुरू ठेवा आणि सलग दहा मिनिटांवर चालवू नका, तापून बंद पडतो.

दर पंधरा दिवसांनी तपासा, लांबच्या प्रवासाआधी हमखास. धडधाकट टायरमधूनही महिन्याला १ ते २ पीएसआय हवा आपोआप उतरते. चारांपैकी एकच टायर वारंवार उतरत असेल तर बारीक पंक्चर, वॉल्व्ह किंवा रिमची कड यांपैकी काहीतरी गळतंय. वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर चोर सापडला. वॉल्व्हची टोपीही गमावू नका. ती धूळ अडवते, आणि धूळ आत गेली की वॉल्व्हची पिन नीट बसत नाही.

स्टेपनी कुणीच तपासत नाही. तिच्यात ३-४ पीएसआय जास्तच ठेवा, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी ती बसलेली निघणार नाही.

उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून थोडी कमी ठेवावी का?

नाही. हा सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात घातक गैरसमज आहे.

टायर फुटण्याआधी तापतो, आणि तापतो तो मुख्यतः मुरडल्यामुळे. चाक फिरताना जमिनीला टेकणारा भाग दबतो, वर गेला की पुन्हा सरळ होतो. ताशी १०० च्या वेगात हे मिनिटाला आठ-नऊशे वेळा घडतं. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त मुरडते आणि उष्णता वाढत जाते. मग आतल्या दोऱ्यांचा आणि पोलादी पट्ट्यांचा रबराशी असलेला जोड सुटू लागतो. शेवटी नक्षीचा थर सोलून निघतो किंवा भिंत फाटते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हवा जास्त झाली म्हणून फुटला.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. तापल्यावर होणारी वाढ कंपनीने त्यात धरलेलीच असते. त्यामुळे वाटेत थांबून गरम टायरमधली हवा सोडू नका. सोडली तर टायर थंड झाल्यावर नेमकी तेवढीच कमी भरेल.

समृद्धीवर टायर जास्त फुटतात ते सिमेंटच्या रस्त्यामुळे का?

रस्ता काँक्रीटचा आहे म्हणून धडधाकट टायर फुटत नाही. मुद्दा सलग वेगाचा आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या या महामार्गावर सिग्नल नाही, गाव नाही, गाडी हळू करायचं कारण नाही. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० ची आहे. जुन्या रस्त्यावर दर अर्ध्या तासाने टायरला गार व्हायला मिळायचं, इथे मिळत नाही. विदर्भातली मे महिन्याची दुपार, खाली तापलेला रस्ता, गाडीत सहा माणसं आणि पाच पीएसआय हवा कमी असं सगळं जमून आलं की शहरात वर्षभर निभावलेला टायर तिथे दगा देतो. याच कारणाने २०२३ मध्ये आरटीओने महामार्गाच्या प्रवेशाजवळ टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली.

निघण्याआधी चारही टायरची हवा भरलेल्या गाडीच्या रकान्याप्रमाणे करा, बाजूच्या भिंतीवर हात फिरवून फुगा किंवा कट आहे का बघा, बनावटीची तारीख वाचा. दर दीड-दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात टायर पूर्ण गार होत नाही, पण चढत चाललेला ताप मोडतो. शिवाय ड्रायव्हरलाही डुलकी लागत नाही.

टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग कडेला घ्या.

नायट्रोजन भरावा का?

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू उतरतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढाच फायदा. फुकट मिळाला तर घ्या. आधी नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा टाकली तरी काही बिघडत नाही. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कमी हवेवर गाडी पळवणं मात्र बिघडवतं.

टायर कधी बदलायचा? किलोमीटर मोजून की वर्षं मोजून?

दोन्ही, आणि जे आधी येईल ते.

झीज पाहण्यासाठी नक्षीच्या मुख्य खाचांमध्ये बघा. तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं दिसतील, त्याच रेषेत ते सापडतात. नक्षी या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, आणि कायद्याने टायर संपला. नव्या टायरची खोली साधारण ७-८ मिमी असते. आमचं मत विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिमीपेक्षा कमी असेल तर गोटा व्हायची वाट पाहू नका. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. त्या उथळ झाल्या की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

वयासाठी बाजूवर डीओटी ही अक्षरं शोधा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४ वा आठवडा. ही तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला असते, त्यामुळे आतल्या बाजूनेही वाकून बघावं लागतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा. आपल्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर सहा वर्षांपलीकडे न नेलेला बरा, नक्षी कितीही शिल्लक दिसो. रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात, पकड जाते. कमी चालणाऱ्या गाड्यांचे मालक इथेच फसतात. "फक्त अठरा हजार चाललीय" हे खरं असतं, आणि टायर आठ वर्षांचा असतो.

बाजूला फुगा आला असेल तर आजच बदला. खड्ड्यात आदळून आतले दोरे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराच्या पातळ थरावर थांबलेली असते. त्यावर दुरुस्ती नाही.

दोनच नवे टायर परवडतात. पुढे लावू की मागे?

मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागेच. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाही. टायरवाला पुढे लावायचा आग्रह धरेल, कारण पुढचे लवकर झिजतात. त्याचं ऐकू नका.

१८५/६५ आर१५ ८८एच म्हणजे काय?

रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी, रिम १५ इंची. ८८ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. एस असेल तर १८०, टी असेल तर १९०. बदलताना भार आणि वेग या दोन्हींत खाली उतरायचं नाही. रुंद टायर दिसायला छान असतात, पण मायलेज घटतं, स्टिअरिंग जड होतं आणि वळताना आतल्या मडगार्डला घासायचा संभव असतो.

टायर एका बाजूनेच झिजलाय. दोष कुठे?

झिजलेला टायर काय बिघडलंय ते सांगतो, फक्त वाचता आलं पाहिजे. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उंच असेल तर हवा सतत कमी होती. मधोमध झिजला तर जास्त होती. एकच कड, विशेषतः आतली, झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलंय. हाताने चोळल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय, म्हणजे चाकं एकमेकांना समांतर नाहीत. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग नाही, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच ना?

नाही, आणि या गोंधळात बऱ्याचदा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होतं. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलं आणि गाडी एका बाजूला ओढली गेली, किंवा सरळ चालताना स्टिअरिंग तिरकं राहिलं, तर अलाइनमेंट. ताशी ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरलं आणि वेग कमी-जास्त करताच थांबलं, तर बॅलन्सिंग. ब्रेक दाबतानाच थरथरलं तर दोन्ही नाही. ब्रेकची डिस्क वाकडी किंवा असमान झिजलेली असते.

गाडी ओढते म्हणून अलाइनमेंटला जाण्याआधी दोन्ही पुढच्या टायरची हवा सारखी आहे का ते पाहा. निम्म्या वेळा दोष तिथेच मिटतो. अलाइनमेंट करताना छापलेला कागद मागा, त्यात आधीचे आणि नंतरचे आकडे असतात. दर १०,००० किमीला, नवे टायर घातल्यावर आणि जोरात खड्डा बसल्यावर करून घ्या.

टायर रोटेशन कसं करायचं?

दर ८,००० ते १०,००० किमीला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे दोन सरळ मागे, आणि मागचे दोन अदलाबदल करून पुढे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. नंतर हवा नव्या जागेप्रमाणे करायला विसरू नका.

ट्यूबलेस टायरचं पंक्चर कसं काढून घ्यावं?

खिळा दिसला तर उपटू नका. तोच भोक बुजवून बसलेला असतो. हवा भरा आणि हळू दुकानापर्यंत जा.

बाहेरून रबरी दोरी खुपसणं ही पाच मिनिटांची तात्पुरती सोय. पक्कं काम म्हणजे टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावणं: त्याचा दांडा भोक भरतो आणि टोपी आतल्या थराला चिकटते. टायर उतरवला की आतली बाजूही दिसते. हवा नसताना गाडी थोडी जरी चालली असेल तर भिंतीच्या आत रबराचा काळा भुगा सापडतो. तो दिसला तर पंक्चर काढून उपयोग नाही, टायर गेला. ६ मिमीपेक्षा मोठं भोक आणि खांद्यावरचं किंवा बाजूच्या भिंतीवरचं पंक्चर दुरुस्त करायचं नसतं. ट्यूब टाकून चालवायचा सल्ला मिळेल. हमरस्त्यासाठी तो घेऊ नका.

स्टेपनी बदलताना क्रम काय?

१. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक, पहिला गिअर, चारही इंडिकेटर, मागे त्रिकोण. तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा.

२. चाक जमिनीवर असतानाच नट पाऊण फेरी सैल करा. जॅकवर चढवल्यावर चाक फिरतं, नट सुटत नाहीत.

३. जॅक फक्त पत्र्याच्या खालच्या कडेला खुणा केलेल्या जागी लावा. भुसभुशीत जागेत खाली फळी ठेवा. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक निसटला तर गाडी त्यावर टेकेल.

४. नवं चाक बसवून नट हातानेच लावा, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा. गाडी खाली घेतल्यावर शेवटचं आवळणं.

पान्यावर उभं राहून नाचायचं नाही. छोट्या गाड्यांत नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरने आवळतात, जास्त झालं तर बोल्ट ताणला जातो. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा. स्टेपनी मूळ चाकापेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळा, बहुधा ताशी ८०. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल तर २०२० पासून नियमाने ते चालतं. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच डिकी उघडून पाहा.

इंजिन ऑइल कधी बदलायचं आणि कसं तपासायचं?

बहुतेक पेट्रोल गाड्यांत १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या किंवा रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं थोडं आधी. ऑइल बदलताना फिल्टरही बदलायचाच.

तपासायला गाडी सपाट जागी उभी करा आणि इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. काळं पडलं म्हणजे खराब झालं असं नाही. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. मात्र ते चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, गाडी सुरू करू नका. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट, फेस होतो आणि वंगण नीट पोचत नाही. ग्रेड, म्हणजे ऑइल किती दाट ते सांगणारा आकडा, पुस्तिकेतलीच. जिथे ०डब्ल्यू-१६ सांगितलंय तिथे "जाड चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकल्याने इंजिनचं भलं होत नाही.

कूलंटऐवजी पाणी चालेल का?

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. पाणी चालतं ते अडीनडीला, गॅरेजपर्यंत जायला. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि गंज येतो तो वेगळाच. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, किंवा दाट असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात अर्धंअर्धं मिसळा. पातळी बाजूच्या पांढुरक्या टाकीत दिसते, तेवढी बघितली तरी पुरे. गरम इंजिनवर झाकण उघडू नका. आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

घाटात ब्रेकचा वास येतो. काय चुकतंय?

ब्रेकवर पाय ठेवून उतरणं चुकतंय. आंबोली असो, वरंध असो की कसारा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. वेग इंजिनला आवरू द्या आणि ब्रेक मधूनमधून ठाम दाबून सोडा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचत नाही. आजच्या गाड्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तोडतात, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डीओटी-४ (ही फ्लुइडची ग्रेड) फ्लुइड २३० अंशांच्या पुढे उकळतं, ओलावा धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दबते. पॅडल जमिनीला टेकतं, गाडी थांबत नाही. पॅड ३ मिमी उरले की बदला.

बॅटरी जायच्या आधी कळतं का?

सेल्फ मारताना आवाज जड होतो. मल्टिमीटर असेल तर सकाळी इंजिन सुरू करण्याआधी १२.६ व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. त्याहून कमी आले तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जाते. बॅटरीच्या वायरी काढताना वजा टोक आधी.

सीएनजी गाडीचं वेगळं काय?

सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी. तारीख पाटीवर असते आणि पंपावर तीच पाहतात. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लगकडे लवकर लक्ष द्या. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, नाहीतर टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल पडून राहतं.

पावसात गाडी पाण्यात बंद पडली. पुन्हा सेल्फ मारू?

अजिबात नाही. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडणं स्वस्त असतं, दुसरा सेल्फ महाग. किल्ली काढा, गाडी ढकलून उंचावर घ्या आणि टो करून गॅरेजला न्या. साध्या सर्वसमावेशक विम्यात असं इंजिनचं नुकसान सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट हे जोडकलम वेगळं घ्यावं लागतं, तेही पावसाळ्याआधी.

मृगाआधी वायपरचं रबर बदला, आणि काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. तो तुंबला की पाणी केबिनमध्ये उतरतं. मागे ड्रम ब्रेक असतील तर पावसात चार दिवस गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नका, चिकटतो. सपाट जागी पहिला गिअर आणि चाकाला दगड पुरे. कोकणातून आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा आणि लाल चिखल पत्र्याच्या जोडांत बसतात.

उंदरांनी वायरिंग कुरतडलं. उपाय?

ऊब आणि निवारा मिळतो म्हणून पावसात ते बॉनेटखाली येतात. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे हे सगळे उपाय आठ-दहा दिवस चालतात, मग उंदीर सरावतात. खालून शिरण्याच्या मोठ्या फटींना बारीक तारेची जाळी बसवणं जास्त टिकतं, फक्त ती पंखा आणि सायलेन्सरपासून लांब हवी. गाडी कचऱ्याच्या डब्याजवळ उभी करू नका, सीटखाली बिस्किटांचा चुरा ठेवू नका. आणि रोज चालत नसेल तर दोन दिवसांनी एकदा बॉनेट उघडून बघा. लेंड्या दिसल्या तर आधी वायरी तपासा, मगच किल्ली फिरवा.